घोड्याची कांती : आरोग्य, पोषण आणि उपजीविकेचा निर्देशक

विकासाचे मोजमाप करताना अर्थशास्त्राला निर्देशकांचा आधार घ्यावा लागतो. पाच वर्षांखालील बालकाचे वय, उंची आणि वजन या तीन साध्या नोंदींवरून त्याच्या कुटुंबाच्या अन्नसुरक्षेविषयी बरेच काही समजते. उंचीच्या तुलनेत वजन कमी असेल तर अलीकडच्या काळातील कुपोषणाचा बोध होतो. वयाच्या तुलनेत उंची कमी असेल तर ते कुपोषण दीर्घकाळचे आहे, असे अनुमान निघते. एकाच शरीरावरील दोन खुणा अशा रीतीने दोन वेगवेगळ्या काळांची माहिती देतात.

पशुधनाच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते. घोडा, तट्टू, खेचर आणि गाढव यांच्या अंगावरील केसांची स्थिती, म्हणजेच त्यांची कांती, हा असाच एक निर्देशक होय. तो पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, खर्च येत नाही आणि जनावराला त्रासही होत नाही. निरोगी व पोटभर खाणाऱ्या घोड्याचे केस अंगासरशी बसलेले, मऊ व तुकतुकीत असतात. आजारी किंवा अर्धपोटी जनावराचे केस रखरखीत, निस्तेज व उभे राहिलेले दिसतात. ही बाब मोतद्दार आणि टांगेवाले पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. तथापि, कोणताही निर्देशक वाचताना तो नेमके काय सांगतो, कोणत्या काळाविषयी सांगतो आणि कोठे फसवतो, हे समजून घेणे आवश्यक असते.

अश्ववर्गीय पशुधनाचे घटते प्रमाण

२०१२ च्या १९ व्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे सुमारे ६.२५ लाख, खेचरे सुमारे १.९६ लाख आणि गाढवे सुमारे ३.२ लाख होती. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत हे आकडे अनुक्रमे सुमारे ३.४ लाख, ८४ हजार आणि १.२४ लाख इतके खाली आले. म्हणजेच सात वर्षांत अश्ववर्गीय पशुधन निम्म्याहून कमी झाले. यांत्रिक वाहनांचा प्रसार, ग्रामीण रस्त्यांची वाढ आणि चराऊ क्षेत्राचा संकोच ही या घसरणीमागील प्रमुख कारणे होत.

जी जनावरे उरली आहेत, त्यांच्यावर अवलंबून असणारी कुटुंबे मात्र बहुतांशी दुर्बल घटकांतील आहेत. उत्तर भारतातील वीटभट्ट्या, हिमालयातील केदारनाथ, यमुनोत्री, अमरनाथ यांसारखे यात्रामार्ग, लहान शहरांतील मालवाहू गाड्या आणि विवाह-मिरवणुका ही त्यांच्या रोजगाराची क्षेत्रे होत. महाराष्ट्रात मोटारवाहनांना प्रतिबंध असलेल्या माथेरानमध्ये घोडा हे दीर्घकाळ प्रवासाचे व मालवाहतुकीचे मुख्य साधन राहिले आहे. अशा कुटुंबाजवळ बहुधा जमीन नसते; जनावर हेच त्याचे भांडवल असते.

कारखान्यातील यंत्राप्रमाणे या भांडवलाचाही घसारा होतो. फरक इतकाच की, यंत्र बंद ठेवले तर त्याचा खर्च थांबतो. जनावराला मात्र काम नसले तरी रोज चारा लागतो. वीटभट्ट्यांचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो, यात्रामार्ग हिवाळ्यात बंद होतात. उत्पन्न थांबले की मालक सर्वप्रथम चंदीला, म्हणजे घोड्याच्या धान्याच्या खुराकाला, कात्री लावतो. ही कपात हिशेबाच्या वहीत बचत म्हणून दिसते. प्रत्यक्षात ती भांडवलाची झीज असते. ही झीज जनावराच्या अंगावर दिसू लागते, तेव्हा ती प्रथम दिसणाऱ्या ठिकाणांपैकी एक म्हणजे त्याची कांती.

केसांची जडणघडण

घोड्याचा केस मुख्यत्वे केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनात गंधकयुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे आहारात प्रथिनांची टंचाई झाली की केसांची वाढ मंदावते, ते ठिसूळ होतात आणि हंगामी केसगळती लांबते. अन्न अपुरे पडल्यास शरीर उपलब्ध पोषकद्रव्ये प्रथम हृदय, मेंदू यांसारख्या जीवनावश्यक अवयवांकडे वळवते. त्वचा आणि केस या अग्रक्रमात मागे पडतात. म्हणूनच टंचाईची बातमी ते लवकर देतात.

केसांना येणारी चमक त्वचेतील तैलग्रंथींच्या स्रावामुळे येते. हा स्राव केसांवर पातळ थर निर्माण करतो, त्यांना अंगासरशी बसवतो आणि पावसाच्या पाण्यापासून काही प्रमाणात संरक्षण देतो. त्यासाठी आहारातील अत्यावश्यक मेदाम्ले महत्त्वाची असतात. खरारा केल्याने मृत केस व धूळ निघून जाते, त्वचेतील रक्ताभिसरणास चालना मिळते आणि हा तैलांश सर्वत्र पसरतो. मात्र खरारा म्हणजे आहाराला पर्याय नव्हे. आतून चमक निर्माण होत नसेल, तर बाहेरून कितीही घासले तरी ती टिकत नाही.

खनिजांचे कार्यही लक्षात घेण्याजोगे आहे. केसांना रंग देणारे मेलॅनिन तयार करणाऱ्या विकरात तांबे असते. तांब्याची कमतरता झाल्यास काळे केस तांबूस व फिकट पडतात. जस्ताच्या अभावी त्वचा जाड व खवलेदार होऊन केस गळतात. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता त्वचा कोरडी करते. याउलट काही घटकांचे आधिक्यही घातक ठरते. सेलेनियम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात आवश्यक असते. परंतु ते जास्त झाले तर केराटिनमधील गंधकाची जागा घेते. परिणामी घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात. पंजाबमधील होशियारपूर व नवांशहर परिसरातील काही जमिनींत सेलेनियमचे प्रमाण अधिक असून तेथील जनावरांमध्ये केस गळणे व खूर फाटणे ही लक्षणे नोंदवली गेली आहेत. सबब, कांती बिघडली म्हणून सरसकट खनिज मिश्रण वाढवणे हा उपाय शास्त्रीय म्हणता येणार नाही.

चारा, चंदी आणि पाणी

घोड्याचे जठर त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान असते आणि चाऱ्यातील तंतुमय भागाचे पचन मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होते. म्हणून त्याला थोडे थोडे, पण वारंवार खाद्य द्यावे लागते. साधारणपणे दररोज शरीराच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के इतका शुष्क आहार आवश्यक मानला जातो. या हिशेबाने ३०० किलो वजनाच्या तट्टाला ६ ते ७.५ किलो शुष्क आहार लागतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग चाऱ्याचा असणे हितावह असते. जड काम असल्यास ऊर्जेची गरज आणखी वाढते.

प्रत्यक्षात अनेक कष्टकरी जनावरांचा आहार गव्हाचे भुसकट आणि कोंडा एवढ्यावरच भागवला जातो. भुसकटाने पोट भरते. परंतु त्यात प्रथिने अल्प असतात आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा स्रोत असणारे कॅरोटिन जवळजवळ नसते. कोंड्यात स्फुरद भरपूर, तर कॅल्शियम कमी असते; दीर्घकाळ केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतील कॅल्शियम घटत जाते. हिरवे गवत व लसूणघास यांतून प्रथिने, कॅरोटिन आणि आवश्यक मेदाम्ले मिळतात. हरभरा व जव ही पारंपरिक चंदी ऊर्जा पुरवते. उकडलेले जवस थोड्या प्रमाणात देण्याच्या जुन्या प्रथेमागेही शास्त्रीय आधार आहे, कारण जवसाच्या तेलात उपयुक्त मेदाम्ले विपुल असतात. याउलट, उपाशी जनावराला एकाच वेळी भरपूर धान्य दिल्यास पोटशूळ किंवा खुरांचा दाह होण्याचा धोका असतो. पाण्याची टंचाई हेदेखील पोटशुळाचे एक महत्त्वाचे कारण होय.

राज्यसंस्थेने या विषयाकडे लक्ष देण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली असून प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण व चिन्हे यांची नोंद ठेवण्याची तरतूद आहे. उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांसाठी धान्य, स्नेह व मीठ यांची प्रमाणेही तेथे दिलेली आहेत. घोडा ही राज्याची संपत्ती असल्याने तिच्या पोषणाचा हिशेब ठेवणे हा प्रशासनाचा भाग मानला गेला होता.

रोगांची पूर्वसूचना

पुरेसा आहार मिळूनही कांती निस्तेज राहत असेल, तर कारण रोगात शोधावे लागते. आतड्यातील जंत हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. जनावर खाते, पण त्याचा लाभ जंतांना मिळतो. उवा, गोचीड व खरजेचे किडे यांमुळे खाज सुटते, ठिकठिकाणचे केस जातात व त्वचेला जखमा होतात. दात झिजून टोकदार झाले असल्यास घोड्याला चारा नीट चावता येत नाही आणि खाद्य उपलब्ध असूनही तो कुपोषित राहतो.

चावऱ्या माश्यांमार्फत पसरणाऱ्या सर्रा या रोगात अधूनमधून ताप येतो, रक्तक्षय होतो, पायांवर व पोटाखाली सूज येते आणि जनावर खंगत जाऊन त्याचे केस रखरखीत होतात. ग्लँडर्स या जीवाणुजन्य रोगाच्या एका प्रकारात त्वचेवर गाठी येऊन त्या फुटतात. हा रोग माणसालाही होऊ शकत असल्याने त्याचे महत्त्व केवळ पशुवैद्यकीय नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा पुन्हा उद्रेक झाला आणि पुढील काळात अनेक राज्यांत तो आढळला. बाधित जनावर नियमानुसार नष्ट करावे लागते. साहजिकच, नुकसानीच्या भीतीने गाठी लपवण्याकडे मालकाचा कल होऊ शकतो. त्यामुळे भरपाई वेळेवर मिळणे ही रोगनियंत्रणाची पूर्वअट ठरते.

प्रत्येक निर्देशकाची मुदत वेगळी

घोड्याच्या शरीरावरील निरनिराळ्या खुणा निरनिराळ्या कालखंडांची साक्ष देतात. हिरड्यांचा रंग व ओलावा आजची स्थिती सांगतो. फिकट हिरड्या रक्तक्षय सुचवतात, तर कोरड्या हिरड्या पाण्याची कमतरता. कांती मागील काही आठवड्यांची व महिन्यांची हकिकत सांगते. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मुळापासून टोकापर्यंत पोहोचण्यास त्याला जवळपास एक वर्ष लागते. त्यावरील आडव्या वळ्यांतून वर्षभरातील आजार व आहारबदल यांचा माग काढता येतो. खोगीर किंवा जू घासून त्वचेला खोल इजा झाली, तर त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात आणि ते बहुधा आयुष्यभर राहतात. घोड्याच्या पाठीवरील पांढरे डाग ही जुन्या जखमांची अशी कायमची नोंद असते.

यावरून धोरणाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. आज चारा वाढवला तरी कांती उद्या सुधारणार नाही. तिला काही आठवडे लागतील. तसेच कांती आज चांगली दिसत असली, तरी मागील आठवड्यात सुरू झालेली उपासमार तिच्यात अद्याप उमटलेली नसेल. म्हणून कांतीबरोबर शरीरस्थितीचा गुणांकही पाहिला जातो. अमेरिकेतील डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मान, स्कंध, खांद्यामागील भाग, बरगड्या, कंबर व शेपटीचे मूळ या सहा ठिकाणची चरबी पाहून व चाचपून १ ते ९ गुण दिले जातात. १ म्हणजे अत्यंत कृश, तर ९ म्हणजे अतिस्थूल.

ऋतू आणि वंश यांचे भान

प्रत्येक लांब वा निस्तेज केस हा आजाराचा पुरावा नसतो. घोड्याचे केस वर्षातून दोनदा बदलतात आणि या बदलाचे नियमन प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी केस वाढतात. दिवस मोठे होऊ लागले की ते गळतात. लडाखमधील झांस्करी आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती या जातींच्या अंगावर थंडीत दाट, लांब केस असतात. ते त्यांचे संरक्षण होय. राजस्थानच्या मारवाडी किंवा सौराष्ट्राच्या काठियावाडी घोड्याचे तलम केस हा उष्ण व कोरड्या हवामानाशी जुळलेला गुण आहे. जानेवारीतील झांस्करी घोड्याची तुलना मारवाडी घोड्याशी केल्यास निष्कर्ष चुकीचाच निघेल.

रंग फिकट पडण्यामागे तांब्याच्या कमतरतेप्रमाणेच प्रखर ऊन आणि वाळलेला घामही असू शकतो. वृद्ध घोड्याचे लांब केस उन्हाळा आला तरी गळत नसतील, तर पीयूष ग्रंथीच्या विकाराची शक्यता असते. उष्ण-दमट हवेत काही घोड्यांना घाम येणेच थांबते आणि शरीराचे तापमान धोकादायक रीतीने वाढते. तात्पर्य, तुलना करायची ती त्याच जनावराच्या त्याच ऋतूतील पूर्वस्थितीशी.

बाजारातील तकाकी

पुष्कर, सोनपूर, सारंगखेडा, माळेगाव यांसारख्या यात्रांत घोड्यांचे व्यवहार होतात. येथे विक्रेत्याला जनावराचा इतिहास ठाऊक असतो. खरेदीदाराला तो दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या अशा विषमतेचे विश्लेषण केले आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. घोडेबाजारात ही विषमता कमी करण्यासाठी खरेदीदार कांतीकडे पाहतो आणि नेमके तेथेच तिचे मूल्य घटू लागते. अंगाला तेल चोळून, केस कापून व रंगवून विक्रीपुरती तकाकी आणता येते. पूर्वी अनेक देशांत घोड्यांचे केस चमकावेत म्हणून त्यांना सोमलासारखे आर्सेनिकयुक्त विष अल्प मात्रेत खाऊ घातले जात असे. आरोग्याची खूण मिळवण्यासाठी आरोग्यच पणाला लावण्याचा हा प्रकार होता.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते : एखादे मापच लक्ष्य बनवले गेले की ते चांगले माप राहत नाही. तपासणी अधिकाऱ्याने केवळ चमक पाहून प्रमाणपत्र दिले, तर तेलाचा खर्च वाढेल, चाऱ्याचा नव्हे. म्हणून कांती, हिरड्या, बरगड्या, खूर व पाठीवरील जखमा यांची एकत्रित पाहणी आवश्यक ठरते. दोन खुणा फसवता येतात. पाच खुणा एकाच वेळी फसवणे कठीण असते.

कायदा आणि धोरण

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पशुधनाची जोपासना, सुधारणा व पशुरोग प्रतिबंध हा राज्यसूचीतील विषय (नोंद १५) आहे; प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध (नोंद १७) आणि संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे (नोंद २९) हे समवर्ती सूचीतील विषय होत. अनुच्छेद ५१-क (छ) नुसार प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली १९६५ मध्ये ओझे वाहणाऱ्या व ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. त्यांनुसार पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा खेचरासाठी २०० किलो, तट्टासाठी ७० किलो आणि गाढवासाठी ५० किलो आहे. दिवसाला ९ तासांपेक्षा अधिक किंवा विश्रांतीविना सलग ५ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. संसर्गजन्य पशुरोगांची माहिती देणे २००९ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार बंधनकारक आहे.

संशोधनासाठी हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र कार्यरत असून त्याचे एक संकुल बिकानेर येथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांच्याशी संबंधित उद्योजकतेचा समावेश केला आणि ५० लाख रुपयांच्या मर्यादेत ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद केली. पशुविम्याच्या हप्त्यातील लाभार्थ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणण्यात आला. जुलै २०२५ मध्ये मेरठ येथील रिमाउंट व्हेटरनरी कोअरच्या केंद्रातील अश्व रोगमुक्त कक्षाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. क्रीडास्पर्धांसाठी घोड्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण त्यामुळे सुलभ होणार आहे.

एकीकडे ही प्रगती होत असताना दुसरीकडे २०२५ मध्येच केदारनाथ मार्गावर अश्व इन्फ्लुएंझाच्या प्रादुर्भावामुळे घोडे-खेचरांची वाहतूक काही काळ थांबवावी लागली. यात्रेच्या हंगामावर वर्षाचे उत्पन्न अवलंबून असणाऱ्या कुटुंबांना अशा प्रत्येक दिवसाची झळ बसते. अनुदान नव्या उद्योजकापर्यंत पोहोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच दोन खेचरांच्या मालकापर्यंत जंतनाशक, लसीकरण व विमा पोहोचणे महत्त्वाचे आहे.

या संदर्भात उत्तर प्रदेशातील एक प्रयोग उल्लेखनीय आहे. तेथे स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने अश्वपालकांचे गट स्थापन झाले. गटातील सदस्य एकमेकांच्या जनावरांची पाहणी करून डोळे, कांती, जखमा, खूर अशा प्रत्येक बाबीसाठी हिरवी, पिवळी किंवा लाल खूण करतात. अक्षरओळख नसलेल्या पालकालाही हा तक्ता वाचता येतो. गटाने एकत्रितपणे खाद्य खरेदी केल्यास दरही कमी पडतो. येथे निर्देशक वरून लादला जात नाही. ज्यांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे, तेच तो ठरवतात व तपासतात.

समारोप

घोड्याची कांती हा आरोग्याचा स्वस्त, सुलभ आणि बऱ्याच अंशी विश्वसनीय निर्देशक आहे. परंतु तो मागील काळाविषयी बोलतो, ऋतू व वंशानुसार बदलतो आणि बाजारात फसवाही ठरू शकतो. त्याचा उपयोग निदानाची सुरुवात म्हणून व्हावा, अखेर म्हणून नव्हे. रखरखीत केस दिसताच पालकाला दोष देणे सोपे असते. पण ते केस अनेकदा हंगामी बेरोजगारी, महाग चारा, डोक्यावरील कर्ज आणि दूरचा पशुवैद्यकीय दवाखाना यांचीच एकत्रित नोंद असतात. १९६२ या हेल्पलाइनद्वारे बोलावता येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके, हंगामाबाहेरील काळासाठी चाऱ्याची तजवीज आणि सुलभ विमा या उपायांची फलश्रुती अहवालांत दिसेल तेव्हा दिसेल. त्याआधी ती जनावरांच्या अंगावर दिसली पाहिजे.